शब्दचर्चा : नेट ‘ठळक करणे’ की ‘उजळवणे’?

प्रश्न : पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मी कीकॅड या सर्किट बोर्ड आखण्याच्या प्रणालीची मराठी पुस्तिका लिहीत आहे. एखाद्या पॅडवर कर्सर ठेवून आकडा १ च्या डावीकडची कळ दाबली की त्या नेटमधले (एकमेकांना जोडायच्या पायांच्या गटातले) सगळे पॅड (घटकांचे पाय झाळायच्या तांब्याच्या जागा), ट्रॅक (तांब्याच्या वाटा) आणि व्हाया (थरांना जोडणारी छिद्रे) चमकतात आणि बाकीचा बोर्ड मंद होतो. या क्रियेला मी ‘विद्युतजोडणी ठळक करणे’ असे लिहिले होते, परंतु वाचताना ते खटकते. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद : आपल्याला खटकले ते योग्यच आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. ‘ठळक’ हा शब्द अक्षरांच्या जाडीसाठी रुळलेला आहे. याच प्रणालीत बोर्डावरचा मजकूर ठळक करण्याची वेगळी सोय असल्यामुळे एका शब्दाला दोन कामे लागतील. शिवाय ठळक केलेला मजकूर फाइलमध्ये तसाच जतन होतो, तर इथे केवळ पडद्यावरचे दृश्य तात्पुरते बदलते. ‘अधोरेखित करणे’ यात रेघ आली, म्हणून तेही नको. ‘निवडणे’ तर मुळीच नको, कारण निवडलेला ट्रॅक हलवता किंवा पुसता येतो, तर इथे आपण नुसते पाहत असतो. मला ‘उजळवणे’ सर्वांत जवळचे वाटते. ‘उजळणी’ म्हटले की पाढे आठवतात हे खरे, तेव्हा नाम टाळून क्रियापदच वापरावे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, ते म्हणजे ‘जोडणी’. वीजजोडणी किंवा गॅसजोडणी म्हणतो तेव्हा ती प्रत्यक्ष झालेली असते. नेट तसे नाही. आराखड्यात घटकांचे जे पाय एकमेकांना जोडले जावेत असे ठरवले आहे, त्या सर्वांचा मिळून होणारा तो गट आहे. त्यात दोन पाय असतील किंवा ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्ट बाजूच्या) बाबतीत शेकडो. बोर्डावर त्यांच्यामध्ये तांबे अजून ओढले नसले तरी कळ दाबताच ते सगळे एकत्र उजळतात. माझ्या एका विद्यार्थ्याने उजळलेला ग्राउंडचा पॅड जोडलेलाच आहे असे समजून, प्रणालीतली चुका शोधणारी नियमतपासणी न चालवता, बोर्ड बनवायला पाठवला होता. तो पॅड शेवटी वरून तार झाळून जोडावा लागला. दोष घाईचा होताच, पण टिपणात मी ‘जोडणी’ लिहिले होते, हेही विसरता येत नाही.

दुसरा प्रतिसाद : मग ‘जोडगट’ म्हणावे काय? ‘जाळे’ मला पसंत नाही, कारण त्यात दिसणारे धागे आहेत. ‘नेट’ तसेच ठेवल्यास इंटरनेटशी गोंधळ होईल, आणि ‘नेट लावणे’ मधला आपला जुना ‘नेट’ही आहेच.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर : संदर्भ बोर्डाचा असताना असा गोंधळ होत नाही. कारागीर, शिक्षक आणि विद्यार्थी सर्वजण ‘नेट’च म्हणतात आणि पडद्यावरही तोच शब्द दिसतो. म्हणून ‘नेट’ ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जोडगट’ हा अर्थ सांगावा. न ओढलेले ट्रॅक दाखवणाऱ्या बारीक रेघांच्या गोंधळाला मात्र इंग्रजी ‘रॅट्सनेस्ट’चे शब्दशः भाषांतर करून उंदराचे घरटे म्हणू नये. फणीत अडकलेल्या केसांसाठी आपल्याकडे ‘गुंतावळ’ हा नेमका शब्द आहे.

प्रश्नकर्ता : आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘कळ दाबताच त्या पॅडचे संपूर्ण नेट उजळते, मात्र उजळलेल्या दोन पॅडांमध्ये गुंतावळीची बारीक रेघ दिसत असेल, तर तिथे तांबे अजून पोहोचलेले नाही.’