निराधारची पगार चालू असताना काम करावं का? (२१ हजारांची अट)

बालाघाटवाला (धागा सुरू करणारा)
आमच्या गल्लीत (केज तालुका) एक मावशी आहेत. वय ४६, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेची पगार (सरकारी अनुदान, आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात) चालू आहे, महिना १,५००. घरी फॉल-पिको, ब्लाउज शिवतात. मागच्या महिन्यात कुणीतरी कागद घेऊन घरोघर फिरतंय असं कळलं, तर मावशींनी मशीनवर गोधडी टाकली, वर सूप ठेवलं आणि दारात तांदूळ निवडत बसल्या. गोधडीखालून मशीनचं पायडल दिसतच होतं. आलेला माणूस निघाला मतदार यादीवाला!

आता शाळेत पोषण आहार शिजवायला बाई पाहिजे. मानधन महिना २,५००, वर्षातले दहा महिने. म्हणजे २५ हजार. निराधारला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. २५ घ्यायचे तर निराधारचे १८ सोडायचे. दहा महिने पोरांची खिचडी शिजवून, भांडी घासून वरचे सात हजार. मावशी नको म्हणतात. मला विचाराल तर चूक अटीची आहे, मावशींची नाही.

सोयाबीनवाला_लातूर
अट हाय म्हणून तर योजना टिकली. निराधार म्हणजे ज्याला आधारच नाही. जिच्या हातात शिलाईची कला हाय, ती निराधार कशी? आमच्या गावात यादीत असे लोक हायेत, दारात ट्रॅक्टर, पोरं पुण्यात. आन् खरी एकटी म्हातारी दाखल्यासाठी हेलपाटे घालायली. अट वाढवली की पहिले हेच ट्रॅक्टरवाले घुसतेत. आन् अजून एक, राग येऊ देऊ नका. सोयाबीन काढायला माणूस भेटंना गेलंय.

रोहयो_हिशेब
माणूस भेटंना याचं एक कारण ही अटच आहे, काका. २०२५-२६ चा रोहयोचा (रोजगार हमीचा) रोजचा दर ३१२ रुपये होता. ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये होतात. तेव्हा कायद्यानं हमी शंभर दिवसांची होती आणि ६८ व्या दिवशी बाई 'श्रीमंत'! आधी निराधारला ६०० मिळायचे, २०१९ ला हजार झाले, २०२३ ला दीड हजार. रक्कम अडीचपट झाली, अट तिथंच.

सेतूवाला_पोरगा
मी दाखल्यांचे अर्ज भरतो. खरं सांगू का, एवढी चर्चा कशाला? निराधारसाठी जो उत्पन्नाचा दाखला निघतो तो २१ च्या आतच निघतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) काय कुणाच्या घरी ब्लाउज मोजायला जातात? मावशींना म्हणावं, बिनधास्त कामाला लागा.

बालाघाटवाला
भाऊ, आता पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. निराधारचे तिथंच, रोहयोचे तिथंच. पासबुक उघडलं की दोन्ही एका पानावर. आणि तपासणी साहेब करत नाही, गाव करतं. पंचायतीची निवडणूक झाली की विरोधी पार्टीचा एक अर्ज तहसीलला जातो, "अमुक बाई कामाला जाते." त्या अर्जाची भीती आहे.

गोदाकाठची
मी परभणीकडची. मला स्वतःला निराधार होती, चार वर्षं. मग एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आणि निराधारची पगार सोडून दिली. पहिलं वर्ष तोट्यातच गेलं, सासूबाई रोज टोमणे मारायच्या. पण तिथूनच लग्नाच्या ऑर्डरी मिळायला लागल्या, आज हाताखाली दोघी आहेत. दादा, तुम्ही सात हजारांचा हिशेब मांडलात, बाई घराबाहेर पडल्यावर तिला चार माणसं ओळखायला लागतात त्याचा मांडला नाहीत. मावशींना 'नको' म्हणायला तुम्ही मदत करू नका.

बालाघाटवाला
ताई, पटलं. पण तुम्हाला एक वर्ष तोटा सोसता आला. मावशींच्या पोरीची बारावी आहे.
आणि एक गोष्ट सगळ्यांनी सांगा. समोरच्या घरी लाडकी बहीणचे येतात, तेही १,५००च. तिथं अट अडीच लाखांची! रक्कम तीच, गल्ली तीच. नवरा असलेल्या बाईनं अडीच लाखांपर्यंत कमवलेलं चालतं आणि नवरा गेलेलीनं २१ हजारांच्या पुढं गेलं की बंद. हे कुठलं गणित?

सोयाबीनवाला_लातूर
बरं झालं तुम्हीच नाव काढलं. अडीच लाखांची अट ठेवली तर छाननीत सरकारी नोकरीवाल्या बायकांची नावं निघाली. तेच निराधारचं करायचं का?
तरी तुमच्या मावशीपुरतं म्हणालो तर ५०-६० हजारांवर न्या की, मी नाही म्हणत नाही. पण घर बघून करा, कागद बघून नको.

झेरॉक्सवाला
दिव्यांगांना मर्यादा ५० हजारांची आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून आम्हाला अडीच हजार झाले. माझं छोटं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान चाललं म्हणून माझा पाय बरा होत नाही. कॅलिपरचा (पायाला आधार देणाऱ्या साच्याचा) पट्टा तुटला की लातूरला जायचं, दिवसभर शटर बंद, गाडीभाडं वेगळं. कमवतो म्हणून हा खर्च कमी होतो का? उलट घरी बसलो असतो तर पट्टाही इतका झिजला नसता. आमच्यासाठी कमाईची अटच नको, हे माझं म्हणणं. विधवांचं तुम्ही ठरवा.

रोहयो_हिशेब
एकदम बंद करण्यापेक्षा कमाई वाढेल तशी पगार थोडी थोडी कमी केली तर? हजार कमावले तर तीनशे कापा. काम करणाऱ्याच्या हातात नेहमी जास्तच पडलं पाहिजे.

सेतूवाला_पोरगा
आणि हा हिशेब दर महिन्याला कोण करणार, तलाठी आप्पा? 😄 इथं हयातीचा दाखला वेळेत चढत नाही.

बालाघाटवाला
आत्ताच मावशींकडं जाऊन आलो, गोदाकाठच्या ताईंचं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, दाताने दोरा तोडला आणि एकच विचारलं, "ते अडीच हजार महिन्याच्या महिन्याला येतेत का?" कुणाला माहीत असेल तर सांगा.

गोदाकाठची
आमच्या शाळेतल्या बाईचे दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात.

झेरॉक्सवाला
निराधारचेही तसेच येतात की.