मदत हवी आहे: फ्रीकॅडमध्ये प्लेटची लांबी बदलली तरी होल जागचे हलत नाहीत

धागाकर्ता

फ्रीकॅड १.० (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर). प्लेट १२० × ८० मिमी, चार कोपऱ्यांत एम८ बोल्टसाठी ९ मिमीचे होल, केंद्र दोन्ही कडांपासून १५ मिमी. आयताचा डावा-खालचा कोपरा ओरिजिनला (शून्य बिंदूला) कोइन्सिडंट केलाय, म्हणजे जोडलाय, आणि होलची मापं ओरिजिनपासून दिलीत: आडवी १५ आणि १०५, उभी १५ आणि ६५. स्केच पूर्ण हिरवं आहे. लांबी १५० केली की उजवे होल १०५ वरच राहतात. उजव्या कडेपासून १५ चं माप दिलं तर लांबी १२० असताना रिडंडंट आणि १५० असताना कॉन्फ्लिक्टिंग असा मेसेज येतो. माप बरोबर असूनही असं का?

प्रतिसाद १

मेसेज दोन असले तरी कारण एकच. १२० मधून १०५ गेले की १५ उरतात, म्हणजे ही गोष्ट स्केचला आधीच ठाऊक आहे. तीच पुन्हा सांगितली की रिडंडंट. लांबी १५० केल्यावर कडेपासूनचं अंतर ४५ होतं आणि तुम्ही १५ म्हणताय, म्हणून कॉन्फ्लिक्टिंग.

हिशेब बघा. आयत टूल आडवे-उभे कन्स्ट्रेंट (बंधनं) स्वतःच लावतं, त्यामुळे आयताच्या ४ डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे सुटेपणाच्या वाटा, उरतात. प्रत्येक वर्तुळाच्या ३, चारांच्या १२. एकूण १६. तुमचा कोपरा २ खातो, लांबी-रुंदी २, चार व्यास ४ आणि होलची मापं ८. झाले १६. सतरावं माप बसणार कुठे? हिरवा रंग फक्त काही सुटं राहिलं नाही एवढंच सांगतो, मापं योग्य जागेवरून दिलीत का हे नाही.

होलची आठही मापं काढा आणि कोपऱ्याचं कोइन्सिडंटही काढा. डावा-खालचा कोपरा, उजवा-वरचा कोपरा आणि शेवटी ओरिजिन, याच क्रमाने निवडून सिमेट्रिक लावा. प्लेट मध्यावर येईल, होल मात्र जुन्याच जागी राहतील. म्हणून पुढे जाण्याआधी प्रत्येक होल माउसने ओढून आपापल्या कोपऱ्याजवळ आणा. ही पायरी टाळू नका. सॉल्व्हर (कन्स्ट्रेंट जुळवणारा फ्रीकॅडचा भाग) जवळचं उत्तर शोधतो, आणि होल कडेबाहेर असेल तर १५ मिमी बाहेरच मोजून मोकळा होतो.

मग एकाच होलचा व्यास ठेवा, चारही वर्तुळं निवडून इक्वल लावा. डाव्या-वरच्या होलचं केंद्र उजव्या-वरच्याशी वाय अक्षाभोवती सिमेट्रिक, डाव्या-खालच्याशी एक्स अक्षाभोवती, उजव्या-खालच्याशी ओरिजिनभोवती. शेवटी त्याच डाव्या-वरच्या होलला डाव्या आणि वरच्या कडेपासून १५-१५. निवडताना केंद्रबिंदूच पकडा. वर्तुळाची कड पकडली गेली तर १५ तिथून मोजले जातात आणि केंद्र १९.५ वर जातं.

धागाकर्ता

इक्वल लावल्यावर लगेच रिडंडंट आलं.

प्रतिसाद १

दुसऱ्या एखाद्या होलचा ९ चा व्यास तसाच राहिला असणार. सॉल्व्हरच्या मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करा, अडचणीचे कन्स्ट्रेंट निवडले जातात. पण जे निवडलं गेलं ते डोळे मिटून डिलीट करू नका. इथे व्यास काढायचा आहे, इक्वल ठेवायचं आहे. तो आकडा नुसता बघण्यासाठी हवा असेल तर त्याला रेफरन्स करा, निळा होईल आणि कशालाच बांधणार नाही.

धागाकर्ता

जमलं. १५० केल्यावर चारही होल कडेबरोबर सरकले. पण आमच्याकडे मशीनवर शून्य कोपऱ्यात लावतात, ऑपरेटरला मापं तिथूनच हवी असतात. मग स्केच मध्यावरून कसं चालेल?

प्रतिसाद २

ती मापं टेकड्रॉच्या (फ्रीकॅडमधला ड्रॉइंग बनवायचा भाग) शीटवर कोपऱ्यातून द्या, त्यासाठी स्केच मोडायची गरज नाही. ऑपरेटर ड्रॉइंग बघतो, स्केच नाही. मात्र प्लेट एकाच बाजूने वाढणार असेल, समजा डावी कड दुसऱ्या पार्टला टेकते, तर मध्य सोडा. कोपरा ओरिजिनलाच राहू द्या, डावे होल डाव्या कडेपासून आणि उजवे उजव्या कडेपासून बांधा.

आणखी एक: १५ हे माप दोनदा टाइप केलंय. पहिल्या मापाला रोमन लिपीत नाव द्या आणि दुसऱ्याच्या किमतीत बरोबरचं चिन्ह टाइप करून एक्स्प्रेशनमध्ये (सूत्रात) तेच नाव वापरा. उद्या १८ करायचे झाले तर एकच आकडा बदलावा लागेल.