अनुभव सांगा: रस्त्यावरून ट्रेडमिलवर आलात तेव्हा काय काय झालं?

हिंगणघाटवाली
नमस्कार ताई-दादा. शुगर बॉर्डरवर आली म्हणून थंडीत धावणं सुरू केलं, आता कुठं दम टिकायला लागला तर उन्हाळा आला. आमच्याकडे एप्रिलपासूनच पहाटे पाचला पण डांबरी रोडची धग लागते. घरी वापरलेली ट्रेडमिल आणली आहे. व्हिडिओ खूप आहेत पण त्या लोकांकडे एसी आन् चोवीस तास लाइन. खेड्यात राहणाऱ्यांनी सांगा, स्पीड कितीपासून सुरू केला, लाइनचं काय करता, बाहेरचं धावणं पूर्ण सोडलं का? नवीन असाल तरी लिहा, उलट तुम्हीच लिहा.

ब्रम्हपुरी तालुका
ताई, माझं कारण वाघ. गावाला लागूनच झुडपी जंगल आहे, मोहफुलाच्या सीझनला तर पहाटे एकट्यानं बाहेर पडायचंच नाही, वनखात्याचे लोक पण तेच सांगून जातात, आन् माझी ड्युटी आठची, म्हणजे धावायला अंधारातला तेवढाच वेळ. म्हणून मशीन घेतली.

बाहेर मी ताशी ८ किलोमीटरच्या स्पीडनं आरामात पळत होती, पण मशीनवर ४ नं चालत सुरू केलं, मग ६ वर दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. ८ वर जायला बरेच आठवडे लागले आन् त्यानं काहीच बिघडलं नाही. रस्त्यावर आपण दम लागला की नकळत हळू होतो, मशीन तसं करत नाही, म्हणून तोच स्पीड जास्त जड वाटते.

उतरल्यावर जमीन सरकल्यासारखी वाटेल, घाबरू नका. डोळ्यांना भिंत जागच्या जागी दिसत असते आन् पाय पळत असतात, त्याच्यामुळं होते. शेवटची पाच मिनिटं ३ पर्यंत आणायचं आन् पट्टा पूर्ण थांबल्यावरच उतरायचं. थोड्या दिवसांनी जाते ते. पण खरोखर चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबून डॉक्टरकडे जायचं. शुगरची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पळण्याबद्दल आधी विचारून घ्या.

आन् एक, ओढणी काढून ठेवा. मागच्या रोलरमध्ये ओढल्या जाते. लाल चावीच्या दोरीचा चिमटा कुर्त्याला लावायचा, तोल गेला की चावी निघते आन् पट्टा थांबते. माझा भाचा तिथंच मागं खेळते म्हणून झालं की मी चावी काढून तांदळाच्या डब्यावर ठेवते, त्याचा हात पुरत नाही तिथं.

भरतीवाला, दारव्हा
पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांसाठी लिहितो. १६०० मीटरचे पूर्ण २० मार्क पाहिजे तर ५ मिनिटं १० सेकंदात मारावं लागते, म्हणजे साडेअठराच्या वर स्पीड झाला. घरच्या बऱ्याच मशीन १२-१४ लाच संपतात. मी नवतप्यात तालुक्याच्या जिममध्ये दम टिकवायला पळतो, पण ग्राउंड सुटू देत नाही भाऊ, वळणं आन् शेवटचा राउंड तिथंच शिकावं लागते. नवीन असाल तर मशीनवर दम बनवा, हरकत नाही, पण टायमिंग ग्राउंडवरच घ्या.

दर्यापूरचा शेतकरी
आमचा खारपाणपट्टा, पावसाळ्यात पांदण रस्त्यानं दहा पावलं टाकली की बुटाले एवढी काळी माती चिकटते का पाय उचलत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मशीन.

लाइनबद्दल सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. साध्या छोट्या पिनवर लावू नका, १६ अँपियरचा वेगळा पॉइंट घ्या आन् अर्थिंग तपासा, आमच्याकडे अर्थिंग म्हणजे बऱ्याच घरी नुसता वायर लोंबकळत असते. संध्याकाळी व्होल्टेज पडते, मशीन एरर दाखवून बंद होते, म्हणून मी पहाटेच पळतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायच्या फंदात पडू नका. पळता पळता लाइन गेली तर दोन्ही बाजूच्या फळ्यांवर पाय टाकता आले पाहिजे, हे आधी हळू स्पीडवर करून पाहा.

दुसरं म्हणजे रुई. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच भरलेला असते आन् रुई मोटारीच्या झाकणाखाली जाऊन बसते. मी पिन काढून झाकण उघडतो आन् रंगाच्या कोरड्या ब्रशनं साफ करतो, पांढरा गोळाच निघते. पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइलच टाका, खोबऱ्याचं तेल नाही.

खेळाचे सर
इन्क्लाइन, म्हणजे पट्ट्याचा चढ, १ ठेवा असं जो तो सांगते, त्याचं मूळ जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे. बाहेर वाऱ्याला कापायला लागणारी मेहनत १ टक्का चढानं भरून निघते असं त्यात दिसलं, पण ते पळणारे साधारण साडेदहा ते अठराच्या स्पीडचे, सराव असलेले होते. ६-७ नं पळणाऱ्यानं ० वर पळावं, बिनधास्त. त्यापेक्षा हँडल सोडा. हँडल धरून पळलं की वजन हातावर जाते, किलोमीटर दिसतात पण मेहनत तेवढी होत नाही.

आर्वीची सून
बंद खोलीत पळू नका!! बाहेर पळताना आपल्याच पळण्यानं वारा लागते, इथं नाही, घाम अंगावर तसाच राहते. टेबल फॅन समोरून छातीवर, आन् कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवा नाहीतर खोली दमट होते. मला तर मशीन खूप आवडली, गावात सून पळते म्हणून माना वळायच्या, घरात कोणी पाहायला नाही. आता दम वाढला तर दिवाळीपासून बाहेरच पळणार आहे, सासूबाई म्हणतात मी सोबत चालायला येते.

हिंगणघाटवाली
सगळ्यांचे खूप आभार. वायरमनला १६ अँपियरच्या पॉइंटचं सांगितलं, उद्या येते म्हणे. ब्रम्हपुरीच्या ताई, सध्या ४ नं चालणंच सुरू करते. वापरलेल्या मशीनचा पट्टा एका बाजूला सरकते, मागच्या बोल्टनं सरळ होते म्हणतात, तर कोणता बोल्ट किती फिरवायचा ते दर्यापूरचे दादा सांगाल का?