शंभर टक्के भरू द्या : 'सिक्रेट ऑफ माना' पहिल्यांदा खेळतानाचे अनुभव

परवा मध्यरात्री मी एका पिवळ्या सशाकडून मार खाऊन मेलो. ससा म्हणजे तरी काय, लांब कानांचा, टुणटुण उड्या मारणारा गोळा. अख्ख्या खेळातला सगळ्यात फुटकळ शत्रू. तलवारबाजीच्या खेळांत दहा-बारा वर्षं घातलेला माणूस मी, बटण बडवबडव बडवत होतो आणि त्याला साधं खरचटतही नव्हतं.

मग नजर स्क्रीनच्या तळाशी गेली. वार केला की तिथला आकडा शून्यावर येतो आणि चढत चढत शंभर टक्क्यांवर जातो. तो भरायच्या आत मारलंत तर वार लागतो, पण गुदगुल्या केल्यासारखा. मी प्रत्येक वार वीस-पंचवीस टक्क्यांवर हाणत होतो. हात आवरला, शंभर होऊ दिले, मारलं. ससा आडवा.

खेळ 'सिक्रेट ऑफ माना'. ऑगस्ट १९९३मध्ये स्क्वेअर या कंपनीने जपानात 'सेइकेन देन्सेत्सु २' या नावाने काढला, त्याच वर्षी तो अमेरिकेत सुपर निन्टेंडो या खेळयंत्रावर आला. मी खेळतोय ते जुन्या 'माना' खेळांच्या २०१९च्या संचातलं, निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर. तीस वर्षं उशिरा का होईना, पहिली वेळ ती पहिलीच.

तर मंडळी, तुमची पहिली वेळ कशी होती ते लिहा. 'काय दिवस होते' एवढंच लिहून पळू नका. कुठे अडलात, काय चुकलं, कशावर चिडलात ते हवंय. शेवटाबद्दल लिहिणार असाल तर आधी तसं सांगा, मी अजून निम्म्यातही नाही.

———

आम्ही तिघं भावंडं आणि खेळात माणसंही तीन: तलवारवाला मुलगा, एक मुलगी आणि एक जादूचं पोर, ज्याला तिथे स्प्राइट म्हणतात. सुपर निन्टेंडोला कंट्रोलर दोनच लागतात, तिसऱ्यासाठी मल्टीटॅप नावाचा डबा जोडावा लागे. तो कुणाकडून तरी उसना आणला होता. तलवार अर्थातच दादाकडे. मुलगी ताईकडे. मी शेंडेफळ, म्हणून स्प्राइट माझ्या वाट्याला, आणि तोही खेळ बराच पुढे गेल्यावर भेटतो. तोवर मी शेजारी बसून 'आता मी येणार का?' एवढंच विचारायचे.

आमची भांडणं त्या गोल मेनूवरून. हत्यार बदला, जादू करा, औषध खा, सगळं पात्राभोवती फिरणाऱ्या चित्रांच्या कड्यातून. कल्पना झकास, वेगळ्या पानावर जावं लागत नाही. पण एकाने कडं उघडलं की तिघांचाही खेळ जागच्या जागी थिजतो. दादा तलवार उगारून वाट बघत असायचा, शंभर टक्के भरलेले असायचे, आणि नेमकं तेव्हाच मी कडं उघडून 'आता गोठवू की जाळू?' असा विचार करत बसायचे. त्याने एकदा माझ्या कंट्रोलरची वायरच उपटली होती.

ताईचं हत्यार वेगळं. स्क्रीन पुढे सरकायला तिघंही सोबत लागतात, एक मागे राहिला की बाकीचे कडेला अडकतात. ताई रुसली की शब्दही न बोलता कंट्रोलर मांडीवरून खाली ठेवायची. तिची मुलगी झाडापाशी उभी, आणि आम्ही दोघं स्क्रीनच्या कडेला नाक घासत. दादाला माफी मागावीच लागायची. इतकं प्रभावी असहकार आंदोलन मी नंतर कुठल्याच खेळात पाहिलं नाही.

———

वरचं 'एक मागे राहिला की' वाचून हसू आलं. मी एकटाच खेळायचो. एकटं खेळताना बाकी दोघांना खेळच चालवतो, आणि कसं चालवतो ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा स्क्रीन सरकेना तेव्हा मला वाटलं खेळ अडकला. बंद केला, परत लावला, शेवटच्या सेव्हपासून पाऊण तास पुन्हा चाललो, आणि त्याच वळणावर परत तेच. तेव्हा कुठे दिसलं की स्प्राइट एका खडकाच्या कोपऱ्याला तोंड लावून जागच्या जागी चालतोय. मला दोन पावलं मागे यायचं होतं, बस्स.

सोबत्यांनी किती पुढे घुसावं आणि किती लांब राहावं हे ठरवायला चौकटींचा एक तक्ता दिलाय. तो मला खेळ संपायच्या जरा आधी सापडला.

———

माझं मत जरा खारट लागेल, पण विचारलंय म्हणून सांगते. मी हा खेळ मोठेपणी, भरपूर स्तुती वाचून खेळले आणि पहिले पाच-सहा तास वैतागले. वार अंगाला लागलेला दिसतो तरी चुकतो. शत्रू एकदा पडला की उठेपर्यंत त्याला काही होत नाही. आणि अंडीन भेटली की, म्हणजे पाण्याची शक्ती हाती आली की, सगळा तोलच जातो. जादू चुकवता येत नाही. स्प्राइटकडून बर्फ, परत बर्फ, परत बर्फ, की बॉसला, म्हणजे वाटेत आडव्या येणाऱ्या बड्या शत्रूला, हलायलाही मिळत नाही. ज्या शंभर टक्क्यांचं इथे कौतुक चाललंय, त्याची निम्म्या खेळानंतर गरजच संपते. ताकद संपेपर्यंत जादू करा, ती भरून देणारा अक्रोड खा, परत करा.

गोष्टीचंही तसंच. माणसं भेटतात, दोन वाक्यं बोलतात, गायब. मागाहून कळलं की हा खेळ सुपर निन्टेंडोला जोडायच्या सीडी यंत्रासाठी आखला होता. ते यंत्र आलंच नाही, आणि सगळा पसारा कार्ट्रिजमध्ये कोंबताना बरीच काटछाट झाली. इंग्रजी भाषांतराला टेड वूल्झीला जेमतेम महिनाभर मिळाला होता. हे कळल्यावर राग कमी झाला. खेळ मात्र तेवढाच राहिला.

एक गोष्ट मान्य करते. गॉब्लिन त्या मुलाला धरून कढईत उकळायला ठेवतात आणि सोडवायला येते ती मुलगी, ते मला मनापासून आवडलं.

———

(धागाकर्ता) खारट मतांचं स्वागतच. मी अजून अंडीनपर्यंत पोचलेलो नाही, त्यामुळे शंभर टक्क्यांचा भक्त आहे.

———

अंडीनच्या आधी वाघ आहे. कुणीच कसं लिहिलं नाही?

एलिनी नावाच्या चेटकिणीचा वाडा. आत काटेरी वाघ. खेळातला सगळ्यात अवघड बॉस तो, हे मी शेवटच्या बॉसला हरवल्यानंतर लिहितोय. वरच्या ताई म्हणतात जादूने तोल जातो. अहो, वाघापाशी आपल्याकडे जादूच नसते! असतात तीन अर्धपोटी पात्रं आणि खिशात जीव भरून देणाऱ्या, खायच्या मोजून चार गोळ्या. कुठलीही वस्तू चारच्या वर घेताच येत नाही, हीसुद्धा एक गंमत. पैसे असून उपयोग नाही.

माझी पहिली दहा मिनिटं अशी. वाघ अंगाचा गोळा करून खोलीभर घरंगळतो. त्याच्या वाटेत मुलगी. ती पडली. मी तिला उठवायला कडं उघडलं, वस्तू निवडली, कडं मिटलं, तेवढ्यात वाघ बाजूच्या कट्ट्यावर चढला. तिथे तलवार पोचत नाही. तो वरून आग ओकतोय, मी खाली शंभर टक्के भरून उभा, आणि मारायला समोर कुणी नाही. तो खाली आला तेव्हा मी घाईने मारलं, ते चाळीस टक्क्यांवर. स्प्राइट पडला. मग मी पडलो. पडदा.

असं सात वेळा. आठव्यांदा मी तलवार सोडली. या खेळात कुठलंही हत्यार कुणालाही देता येतं. मला ते माहीत होतं, पण नायकाच्या हातात तलवारच हवी असं डोक्यात बसलेलं. स्प्राइट येतानाच बूमरँग घेऊन येतो. ते मी मुलाच्या हातात दिलं आणि लांब उभा राहिलो. वाघ कट्ट्यावर गेला तरी जाऊ दिला. शंभर भरले की एक फेक. परत थांब. भिंतीला पाठ लावून एकेक फेक मोजत वीसेक मिनिटं काढली. वाघ मेला तेव्हा माझा तळहात कंट्रोलरला चिकटला होता. आणि बाई बक्षीस काय देते, तर चाबूक. तोही वाईट नाही म्हणा, दरीपलीकडच्या खुंट्याला अडकवून उडी मारता येते.

———

छोटासाच अनुभव. घरात सगळे झोपल्यावर खेळायचो, म्हणून आवाज पूर्ण बंद. निम्मा खेळ मुक्याने झाला. एका सुट्टीच्या दुपारी हेडफोन लावून परत सुरू केला आणि नावाच्या पडद्यावर देवमाशाच्या हाकेसारखा एक आवाज आला, मग पियानो. मागे ते अवाढव्य झाड, त्याच्यासमोर तिघं एवढीशी, आणि पांढऱ्या पक्ष्यांचा थवा. हे चित्र मी याआधी वीस-पंचवीस वेळा बघून बटण दाबून पुढे गेलो होतो. त्या दिवशी बटण दाबायचं राहून गेलं. संगीत हिरोकी किकुताचं, आणि खेळाला संगीत द्यायची ही त्याची पहिली खेप.

खेळ मग पहिल्यापासून सुरू केला. वाघासकट.

———

अवांतर: सगळे जपानी नावंच घेताय म्हणून आठवण करून देतो. दिग्दर्शन कोइची इशीचं, निर्मिती हिरोमिची तानाकाची, पण प्रोग्रामिंग नासिर गेबेली या इराणमध्ये जन्मलेल्या माणसाचं. पहिले तीन 'फायनल फँटसी'ही त्याच्याच हातचे. ड्रॅगनच्या पाठीवर बसलो की खालची जमीन तिरकी होऊन फिरू लागते, तो प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कंट्रोलर घेऊन स्वतःच वाकडा झालो होतो. कुठेही जायचं नव्हतं. तासभर नुसता उडत राहिलो. ड्रॅगन मिळण्याआधी तोफेत बसवून गावोगाव फेकायची सोय आहे, तीही सोडू नका.

———

धागाकर्त्याने हा अनुभव वाचू नये. शेवट उघड केलाय.

मी आणि माझी लेक, ती तेव्हा नऊ वर्षांची. पहिली वेळ दोघांचीही. मुलगा मी, स्प्राइट ती. तिसऱ्या पात्राला, त्या मुलीला, खेळच चालवायचा. या खेळात पात्रांना नावं आपणच द्यायची असतात. तिने स्प्राइटला स्वतःचं नाव दिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

तिला थांबणं जमत नसे. मी 'शंभर होऊ दे' म्हणायचो, ती साठावर हाणायची. पण जादू तिच्याकडे आल्यावर चित्र पालटलं. जादू वापरून वापरूनच वाढते, त्यामुळे मी कामं आटपेपर्यंत ती गावाबाहेर सशांवर बर्फ टाकत बसायची आणि धर्मशाळेत झोपून परत यायची. बाबांची तलवार कुठल्या कुठे मागे पडली.

शेवटच्या लढाईत माना पशूला फक्त मानाच्या तलवारीनेच इजा होते, आणि त्या तलवारीत बळ भरायचं ते मुलीने आणि स्प्राइटने. ते उतरलं की परत भरायचं. म्हणजे मी मारणार, पण तिने हात दिला तरच. आणि मारायचं कुणाला, तर जो मेला की जगातली माना, म्हणजे जादूची शक्ती, संपते. स्प्राइट मानावरच जगतो. खेळातला मुलगा हे कळून थबकतो आणि स्प्राइटच त्याला म्हणतो, मार. स्क्रीनवर ते वाक्य तिच्या नावाने आलं. मी मोठ्याने वाचून दाखवत होतो, तिथे थांबलो. ती म्हणाली, 'बाबा, शंभर झालेत.'

जिंकलो. स्प्राइट गेला. श्रेयनामावली चालू असताना ती काही बोलली नाही, मी पण नाही. दुसऱ्या दिवशी मी सेव्हची यादी उघडली तर शेवटच्या किल्ल्यात शिरण्याआधीची जागा होती, कारण संपल्यानंतरचं काही तिथे साठत नाही. तिघंही उभे, स्प्राइटसकट. ती जागा पुसून नवा खेळ सुरू करू का विचारलं, तर म्हणाली दुसऱ्या जागेवर करा. आता ती अठरा वर्षांची आहे. कार्ट्रिज कपाटात आहे आणि त्या जागेवर अजून कुणी काही साठवलेलं नाही.

———

(धागाकर्ता) वरचा अनुभव वाचला. वाचू नये लिहिलं होतं तरी वाचला, चूक माझीच. आता स्प्राइटचं नाव बदलता येतं का ते शोधतोय. मी आमच्या कुत्र्याचं ठेवलंय.

———

आज सुरू केला, हा धागा वाचूनच. सशांना नीट थांबून मारलं, एकदाही मेलो नाही. सध्या चेटकिणीच्या वाड्यात आहे. बूमरँग मुलाच्या हातात, खिशात चार गोळ्या, पाठ भिंतीला.

वाघ ३, मी ०.