महाबळेश्वर आणि फलटण एकाच अक्षांशावर, मग पावसात एवढा फरक का?

फलटणकर: दोन्ही साधारण 18° उत्तरेला. तिकडे वर्षाला 5,500 मिमीच्या आसपास, इकडे जेमतेम 500. हवामान अक्षांशावर ठरतं ना?

घाटमाथा: अक्षांश मुख्यतः ऊन किती तिरपं पडणार ते ठरवतो, पाऊस एकट्या त्यावर ठरत नाही. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडून हजार-तेराशे मीटर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. पूर्वेला फलटणकडे उतरणारी कोरडी हवा किलोमीटरमागे सुमारे 10° तापते, ढग विरतात.

मिरजवाला: विषुववृत्तावर चढलेली हवा 30° जवळ खाली बसते, म्हणून तिथं सहाराचं वाळवंट. मग आपण वाचलो कसे?

घाटमाथा: जुलैत हवा चढण्याचा, म्हणजे पावसाचा पट्टाच गंगेच्या मैदानापर्यंत सरकतो. फलटण-माणची खरी भिस्त मात्र सप्टेंबरवर. शाळू त्याच ओलीवर पेरा, जूनच्या आकड्यांवर नको.