मदत हवी आहे : पायथनच्या ऑब्जेक्टला डिक्शनरीसारखे वापरता कसे यावे?

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या नोंदींसाठी मी पायथनमध्ये ‘सभासद’ नावाचा क्लास लिहिला आहे. जुना कोड साध्या डिक्शनरीवर (म्हणजे ‘की’ आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यावर) चालत असल्यामुळे त्यात जागोजागी चौकटी कंसात ‘वर्गणी’ अशी की देऊन किंमत काढलेली आहे, आणि त्यातली एकही ओळ न बदलता नवा ऑब्जेक्ट तिथे बसावा, अशी माझी इच्छा आहे. म्हणून क्लासमध्ये दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोर असलेली ‘गेटआयटम’ मेथड लिहून आतल्या डिक्शनरीतली किंमत परत केली. कंस चालू लागले. परंतु ‘इन’ने एखादी ‘की’ आहे का हे तपासताच ‘कीएरर: 0’ आला. हा शून्य मी कुठेच लिहिला नव्हता, त्यामुळे अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. ‘कन्टेन्स’ आणि ‘इटर’ या मेथड नसल्या, तर पायथन 0, 1, 2 असे क्रमांक मागत जातो, हे नंतर उमगले.

‘म्यूटेबलमॅपिंग’ या पायथनच्या तयार क्लासचा वारसा घेतल्यास पाच मेथड लिहून ‘गेट’, ‘आयटम्स’, ‘पॉप’ आपोआप मिळतात. मात्र जेसॉनचे ‘डम्प्स’ (माहिती जेसॉन या मजकूर-स्वरूपात बदलणारे फंक्शन) असा ऑब्जेक्ट स्वीकारत नाही. थेट ‘डिक्ट’चा वारसा घेतल्यास जेसॉनची अडचण सुटते, पण ‘गेट’ माझ्या ‘गेटआयटम’कडे येतच नाही, आणि थकीत वर्गणीचा हिशेब तर मी तिथेच करतो. मला पहिली वाट अधिक स्वच्छ वाटते. तिच्यासाठी ‘डम्प्स’ला ‘डीफॉल्ट’ फंक्शन द्यावे, की ऑब्जेक्ट आधीच ‘डिक्ट’मध्ये बदलून घ्यावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.