मदत हवी आहे : थांबा नसलेल्या जागी एसटी गाडी थांबवायला सांगता येतं का? (अहमदपूर-लोहा रोड)

आखाड्यावरचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा आणि कोणाला पक्की माहिती असंल तर सांगा.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, अहमदपूर-लोहा रोडला लागून आहे. गाव आत आहे आणि गावाचा थांबा म्हणजे पाटी, ती आखाड्याच्या पुढं दीडेक किलोमीटर. बहीण अकरावीला अहमदपूरला जाते, अहिल्याबाई होळकर योजनेचा मुलींचा मोफत पास आहे, संध्याकाळच्या साध्या गाडीनं परत येते. रोड चौपदरी व्हायच्या आधीपासनं आमच्या घरचे सगळे अलीकडं पुलाजवळच उतरायचे, कंडक्टरला नुसतं "पूल" म्हणलं की तो घंटी मारायचा, विषय संपला. आता या गाडीवर नवीन ड्रायव्हर मामा आलेत ते काही केल्या थांबवत नाहीत, पाटीलाच उतरा म्हणतात. म्हणजे पोरगी घरावरनं पुढं जाते आणि मग रोडच्या कडेनं उलटी चालत येते, समोरनं ट्रकचे लाईट डोळ्यावर, त्यात ऊस चालू झाला की एकामागं एक जोडलेल्या ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रेडियम, आणि राँग साईडनं येणारे मोटारसायकलवाले ते वेगळेच. थंडीत साडेसहालाच अंधार पडतो.

आता कोणी विचारायच्या आत सांगतो, आण्णांना मोतीबिंदू आहे, रात्री गाडी चालवता येत नाही, आणि मी चाकणला कंपनीत आहे. आण्णा परवा पाटीवर जाऊन त्या मामांशी भांडून आले. मामा म्हणे, "इथं गाड्या ऐंशी-नव्वदनं पळतात, मागनं एखाद्यानं ठोकली तर आतल्या पन्नास माणसांचं कोण बघणार, तुम्ही का मी?" खरं सांगायचं तर मला ते खोटं वाटलं नाही. पण बहिणीचं बी खोटं नाही ना.

गाडी कोणत्या डेपोची ते मुद्दाम लिहीत नाही, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. नियम काय आहे, अर्ज कोणाकडं करायचा, आणि मुळात असं मागणं बरोबर आहे का, एवढंच पाहिजे.

गंगाखेडकर

भाऊ राग मानू नका पण मी रोजचा प्रवासी आहे आणि मला या प्रकारानं वीट आलाय. एकाला उतरवायला गाडी थांबते, डबल बेल होते, गाडी जरा हलली की मागनं दुसरा उठतो, "मामा मला बी इथंच". अरे मग मघाशी काय झोपला होता का! परभणीला रेल्वे गाठायची असते आम्हाला. तुमच्या बहिणीचं वेगळं आहे मान्य, पण ड्रायव्हरनं कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही? एकाला थांबवली की दुसरा म्हणणार तिला थांबवता, आम्हाला का नाही.

रिटायर_स्टेरिंग

बाळा, मी आयुष्यभर हेच केलंय म्हणून लिहितो.

पयलं म्हणजे तिकिटाचा प्रश्नच नाही. आपलं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. पास पुढच्या पाटीपर्यंत आहे आणि पोरगी अलीकडं उतरली तर लाईन चेकिंगवाला सुद्धा काही बोलू शकत नाही. कंडक्टर तिकिटाचं कारण सांगत असंल तर ते मनावर घेऊ नको.

खरी भीती अपघाताची. थांबा नसताना थांबवली आणि काही झालं तर पहिला प्रश्न "का थांबवली?", चार्जशीट ड्रायव्हरला. गाव म्हणंल पोरीसाठी थांबवली बिचाऱ्यानं, पण गाव काय चौकशीला येत नाही. आणि अपघात बऱ्याचदा मागनं होतच नाही, दारात होतो. गाडी कडेला घेतली तरी डाव्या अंगाला दोन-तीन फूट जागा राहते, तिथनं मोटारसायकल घुसते, आणि माणूस पिशवी सावरत खाली बघत शेवटच्या पायरीवरनं उतरतो तो थेट तिच्यासमोर. माझ्या गाडीतनं एक म्हातारी अशी थोडक्यात वाचली, तवापासनं आधी डावा आरसा बघायचा आणि मगच कंडक्टरला दार उघडू द्यायचं हा माझा नियम. दुसरं म्हणजे उतरल्यावर गाडीच्या पुढनं रोड ओलांडणारे. त्यांना ओव्हरटेक करणारी गाडी दिसत नाही आणि त्या गाडीला ते दिसत नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू "पूल" म्हणतोस तिथंच गोम आहे. जुन्या रोडला पुलाच्या तोंडाला मुरमाची साईडपट्टी होती, तिथं आम्ही बिनघोर गाडी घ्यायचो. चौपदरीच्या पुलाला कडेला कठडा असतो, गाडी रोडच्या खाली घ्यायला जागाच नाही, सगळी गाडी चालत्या लेनमध्ये उभी राहणार. मी असतो तरी पुलाला थांबवली नसती. पुलाच्या अलीकडं किंवा पलीकडं शे-दोनशे मीटरवर रुंद साईडपट्टी, वळण नाही, चढ नाही अशी जागा बघ आणि ती मामांना दाखव. भांडायला जाऊ नको, ड्युटी संपल्यावर स्टँडवर चहा पाज आणि बोल. आणि पोरीला सांग, जागा आल्यावर ओरडायचं नाही, आदल्या थांब्यालाच कंडक्टरला सांगून ठेवायचं आणि दाराशी येऊन उभं राहायचं. ऐंशीनं पळणारी गाडी ऐनवेळी दाबली तर मागचा येऊन आदळतोच.

लातूर_कोर्ट

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७२ नुसार परमिटला अशी अट घालता येते की नगरपालिका हद्दीत आणि ठरवून दिलेल्या इतर भागांत नेमलेल्या ठिकाणांशिवाय प्रवासी चढवायचे-उतरवायचे नाहीत. म्हणजे "कुठंही उतरवा" हा प्रवाशाचा हक्क म्हणून मागाल तर टिकणार नाही. "हात दाखवा, एसटी थांबवा" ही घोषणा लोक पुढं करतात, पण ती वाटेतल्या माणसाला साध्या गाडीत बसवून घेण्यासाठी होती, कुठंही उतरवण्यासाठी नाही.

तुमचा रस्ता विनंती थांब्याचा, म्हणजे प्रवाशानं सांगितलं तर गाडी थांबते असा मंजूर थांबा. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, अर्ज जोडा, कॉलेजला जाणाऱ्या मुली किती आणि कोणत्या गाडीनं येतात ते लिहा, आगार व्यवस्थापकांना द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घेतल्याशिवाय हलू नका. एक गोष्ट बरेच जण विसरतात, अहमदपूर डेपो लातूर विभागात आणि कंधार डेपो नांदेड विभागात आहे. तुमच्या रोडला दोन्हीकडच्या गाड्या धावतात, तेव्हा एकाच विभागाला अर्ज दिला तर निम्म्या गाड्या थांबतील आणि निम्म्या "आम्हाला ऑर्डर नाही" म्हणून निघून जातील.

आणि रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणून लाईट, साईडपट्टी, बसथांब्याची शेड हे एसटीच्या हातात नाही. त्यासाठी महामार्गवाल्यांकडं वेगळा अर्ज. १०३३ हा त्यांचा हेल्पलाईन नंबर, तिथंही तक्रार नोंदवून ठेवा.

मैना_नांदेड

सगळे दादालोक बोलायलेत म्हणून एक मी बोलते. घराजवळ उतरलं की सेफ, असं दरवेळी नसतं हो. मी अशीच आडरानात एकटी उतरायचे, तर गाडीतल्या सगळ्यांना रोज दिसायचं की ही इथं एकटीच उतरते आणि पुढं वस्ती नाही. दोन पोरं मागं लागली तेव्हा मीच ठरवलं की पाटीलाच उतरायचं, तिथं निदान हॉटेलाचा लाईट असतो आणि चार माणसं असतात. पण माझा आखाडा पाटीपासनं जवळ होता, दीड किलोमीटर हायवेनं चालायचं म्हणजे वेगळंच. बहिणीलाच विचारा ना तिला काय पाहिजे, तुम्ही आणि आण्णा मिळून ठरवू नका.

बाहेरदेशी_उदगीरकर

टोरंटोत शहराच्या बसला अशी सोय १९९१ पासून आहे, आधी फक्त बायकांसाठी होती, मग सगळ्यांसाठी केली. रात्री ९ ते पहाटे ५, एकट्यानं प्रवास करत असाल तर दोन थांब्यांच्या मध्ये उतरता येतं. एक थांबा आधी ड्रायव्हरला सांगायचं, पुढच्या दारानं उतरायचं, आणि जागा सुरक्षित आहे का ते ड्रायव्हर ठरवणार. शहरातले रस्ते आहेत, हायवे नाही, हा फरक आहेच. पण तिथं ड्रायव्हरला लेखी नियमाचा आधार असतो, आपल्याकडं सगळं त्याच्या मनावर आणि त्याच्याच जोखमीवर.

आखाड्यावरचा

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मैनाताईंचं वाचून बहिणीला फोन लावला. ती म्हणते आखाड्याजवळच पाहिजे, कारण तिथं उतरली की आण्णा बॅटरी घेऊन पायवाटेला उभे असतात, पाटीपर्यंत त्यांना चालवत नाही. आणि आमच्याच शेजारच्या आखाड्यावरच्या अजून दोन पोरी पुढच्या वर्षी अकरावीला जाणार आहेत, हे मला माहीतच नव्हतं. काका म्हणतात तसं पुलाचं खरं निघालं, आण्णा म्हणाले कठड्याला लागून पाय ठेवायला जागा नाही. पुलाच्या अलीकडं आंब्याजवळ साईडपट्टी रुंद आहे. तिकडनं पायवाट जरा लांब पडते पण चालंल.

ग्रामसेवक भाऊसाहेब सोमवारी येतात. ठरावात जागा कशी लिहायची, नुसतं "आंब्याजवळ" चालंल का किलोमीटरचा दगड टाकू?

लातूर_कोर्ट

दगडाचा नंबर टाका आणि दगड दिसेल असा फोटो जोडा. अहमदपूरला जायच्या बाजूची जागा वेगळी लिहा, डिव्हायडर मध्ये आहे. त्या बाजूला सकाळी मुली रोड कुठनं ओलांडतात तेही त्यात येऊ द्या.